पुढे जायचं तर जा, पण विचारून: विमानतळ व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
विमानतळ व्यवस्थापन

स. न. वि. वि.

आपल्या विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या अगदी डावीकडच्या रांगेवर एक निळी पाटी असायची. ‘ज्येष्ठ नागरिक, लहान मुलांसह कुटुंबे, वैद्यकीय साहाय्य’. गेल्या महिन्यात आम्ही दोघं बंगळुरूला निघालो तेव्हा ती पाटी नव्हती. तिच्या जागी जादा पैसे भरणाऱ्यांच्या जलद रांगेची पाटी होती. तिथे उभ्या असलेल्या मुलीला मी विचारलं, तर ती म्हणाली, “काका, आता बाकीच्यांसाठी एकच कॉमन लाइन आहे.” तिचा काही दोष नाही, निर्णय तिने घेतलेला नाही. ज्यांनी घेतला त्यांना मी आधी ईमेल केला. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ एवढं उत्तर आलं, पुढे काही नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो आहे.

मी एसटीत 32 वर्षं वाहक होतो. 1991 ला लागलो, 2023 ला निवृत्त झालो. निम्मी नोकरी कराड-चिपळूण मार्गावर झाली. माणसं गाडीत कशी चढतात, दारात कशी अडतात, मागचा पुढच्याला कधी ढकलतो आणि कधी हात देतो, हे बघण्यात माझं आयुष्य गेलं. स्टँडवर ‘रांगेचा फायदा सर्वांना’ असं लिहिलेलं असायचं. ते खोटं नाही, मी अनुभवलं आहे. पण रांगेचा फायदा सर्वांना व्हायचा असेल तर ती कोणीतरी लावावी लागते आणि तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

आमचा मुलगा बंगळुरूला असतो. नात चार वर्षांची आहे. वर्षातून तीन वेळा तरी आम्ही जातो. रात्रभराचा रेल्वेप्रवास माझ्या पत्नीला आता झेपत नाही, कारण तिचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदलला आहे. पण ती चालते. रोज सकाळी काठी घेऊन कराडच्या प्रीतिसंगमापर्यंत जाऊन येते. तिला लागतो तो फक्त थोडा वेळ.

त्या दिवशी काय झालं ते सांगतो.

ट्रे भरण्याचं टेबल दोन हातांपेक्षा जास्त लांब नाही. एकाच वेळी एकच माणूस तिथे नीट उभा राहू शकतो. तिने ट्रे घेतला, पर्स ठेवली, मोबाइल ठेवला, औषधांची पिशवी ठेवली. मग काठी. काठीही यंत्रातून जावी लागते, तो नियम आहे आणि मला मान्य आहे. पण काठी हातातून गेली की तिला दुसरा आधार लागतो. तिने डावा हात रोलरच्या कडेवर टेकला आणि वजन सावरलं. तेवढ्यात मागच्या मुलाने “आंटी, थोडा फास्ट करो ना” म्हणत तिच्या खांद्यावरून आपली लॅपटॉपची बॅग पुढे टाकली. ती तिच्या मनगटावर आली. दोन हिरव्या बांगड्या वाढल्या आणि एका काचेचा तुकडा मनगटात रुतला. त्या मुलाला हे कळलंही नसावं. तो बोर्डिंग पास दातात धरून कमरेचा पट्टा काढत होता, लक्ष समोरच्या घड्याळाकडे होतं. तो पुढे गेला आणि त्याच्यामागून आणखी तिघं गेले. एकाने वाट पाडली की मागचे त्याच वाटेने घुसतात, हे एसटीच्या दारात मी हजारदा पाहिलं आहे.

तिची काठी आणि पर्स पलीकडे निघून गेली. ती मात्र अलीकडेच, बायकांच्या रांगेत, आधाराशिवाय उभी. माझी तपासणी झाली होती. पलीकडे सामानाच्या सरकत्या पट्ट्याच्या टोकाला तिची काठी पडलेली मला दिसत होती, पण ती घेऊन मागे यायला परवानगी नाही. शेवटी पडद्याआडच्या महिला जवानाने तिचा हात पाहिला, काच काढली, कापूस आणून लावला आणि स्वतः काठी आणून दिली. त्या ताईंचे मी इथे मनापासून आभार मानतो. या पत्रातली एकही तक्रार सुरक्षा दलाविषयी नाही. माणसं आणि सामान तपासणं हे त्यांचं काम आहे. रांगा किती, दोऱ्या कुठे, टेबल केवढं, पाटी कोणती, ट्रेजवळ माणूस उभा करायचा की नाही, हे आपलं काम आहे.

घरी आल्यावर ती म्हणाली, “पुढच्या वेळी माझ्यासाठी व्हीलचेअर सांगा.” मला ते फार लागलं. जी बाई चालू शकते तिने गर्दीच्या भीतीने चाकाच्या खुर्चीत बसायचं? असं किती जण बसत असतील? आणि त्यांच्यामुळे ज्यांना खरोखर खुर्चीवाचून पाऊल टाकता येत नाही, ते किती वेळ ताटकळत असतील?

मागून येणाऱ्याने पुढे जाऊच नये, असं माझं म्हणणं नाही. त्या मुलाचं विमान कदाचित खरंच सुटत असेल. देशातल्या विमानांची दारं बहुतेक ठिकाणी सुटण्याच्या वेळेआधी 25 मिनिटं बंद होतात. दार इतकं आधी बंद होत असताना आमच्यामागे दहा मिनिटं अडकून पडणं त्याला परवडणारं नव्हतं. प्रश्न पुढे कसं जायचं याचा आहे.

कराड-चिपळूण मार्गावरच्या कुंभार्ली घाटात आमची गाडी कितीतरी वेळा मालाने भरलेल्या ट्रकमागे अडकायची. तिच्यामागे जीपवाले, मोटारवाले. सगळ्यांनाच घाई. पण जाणता ड्रायव्हर वळणावर गाडी काढत नाही. पुढच्या ट्रकवाल्याला समोरचा रस्ता दिसतो. मोकळं दिसलं की तो हात बाहेर काढून ‘जा’ अशी खूण करतो. मग मागचा हॉर्न देतो, गाडी काढतो आणि जाता जाता हात वर करतो. ट्रक सावकाश चालतो म्हणून कोणी त्याला शिव्या घालत नाही, त्याच्या पाठीवर किती ओझं आहे ते सगळ्यांना दिसतं. चढणीला लागलेल्या गाडीला उतरणाऱ्याने आधी वाट द्यायची, हा तर नियमच आहे. तिथे पोलीस उभा नसतो, तरी पाळला जातो, कारण तो सगळ्यांना माहीत असतो.

आपल्या रांगेत असा एकही माहीत असलेला नियम नाही. मागच्याने विचारायचं की नाही, पुढच्याने थांबायचं की नाही, कोणालाच ठाऊक नाही. बेवारस सामानाविषयी दर थोड्या वेळाने घोषणा होते, पण विमान सुटायला आलेल्याने काय करावं, याविषयी एक शब्द नाही. मग ज्याच्या अंगात बळ तो पुढे आणि ज्याला संकोच वाटतो तो विमान चुकवतो.

माझ्या तक्रारी अशा आहेत.

सगळ्यात मोठी पाटीची. जादा पैसे भरून कोणी लवकर जात असेल तर जावं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याच्यासाठी नवी रांग काढायला हवी होती. आपण म्हाताऱ्यांची, लेकुरवाळ्या बायकांची, आजाऱ्यांची रांग काढून त्याला दिली. ऑगस्ट 2022 पासून एसटीने 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास दिला, तेव्हा मी नोकरीत होतो. गाड्यांना म्हाताऱ्यांची गर्दी वाढली, थांब्यावर वेळ जास्त जाऊ लागला. आम्ही खालच्या पायरीवर उतरून हात द्यायला लागलो. शेवटची आजी आत येऊन दांडी धरेपर्यंत डबल बेल द्यायची नाही, एवढी साधी शिस्त. गाडीला उशीर झाला तर तो वाहकाच्या नावावर लागायचा, तरीही.

दुसरी गोष्ट टेबलाची. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण निम्मं भांडण इथेच सुरू होतं. जुन्या पद्धतीत ट्रे एकामागून एकच सरकतात. पुढच्याचा ट्रे भरला नाही तर मागचे पन्नास जण खोळंबतात, आणि त्या पन्नास जणांची नजर त्या एका माणसाच्या पाठीवर असते. तो आणखी गोंधळतो, हात थरथरतात, चिल्लर खाली सांडते. परत येताना बंगळुरूला मी वेगळी व्यवस्था पाहिली. ट्रे आपोआप परत येतात आणि पट्ट्याच्या कडेला चार जणांना शेजारी शेजारी उभं राहून आपापला ट्रे भरता येतो. ज्याचा आधी भरला त्याने पुढे सरकवला, कोणी कोणाला ओलांडलं नाही. आमच्या शेजारी एक मुलगी आली. तिने आधी विचारलं, “अंकल, माय बोर्डिंग हॅज स्टार्टेड, मे आय?” मी मान हलवली. तिने रिकाम्या जागेतून आपला ट्रे लावला, जाताना माझ्या पत्नीची जड पिशवी उचलून ट्रेमध्ये ठेवली आणि गेली. अर्धं मिनिटही लागलं नाही. ती यंत्रणा महाग आहे हे मला समजतं. पण टेबल लांब करायला यंत्र लागत नाही. जिथे रांग वळते तिथे दहा-बारा फुटांचं साधं टेबल आणि ट्रेचा एक गठ्ठा ठेवला, तरी माणूस यंत्राजवळ येईपर्यंत तयार झालेला असेल.

बायकांची तपासणी पडद्याआड, महिला जवानांकडून होते, तशी ती व्हायलाच हवी. त्यामुळे तिला वेळ जास्त लागतो. तरी त्या दिवशी पुरुषांसाठी तीन जागा सुरू होत्या आणि बायकांसाठी एक. सामान पुढे निघून जातं आणि बाई मागे राहते ती यामुळे. पलीकडे तिची पर्स, मोबाइल, पैसे उघड्यावर पडलेले असतात. कोणी घाईत चुकून उचललं तर जबाबदारी कोणाची?

माहितीबद्दलही सांगितलं पाहिजे. सावकाश चालणारी रांग दर वेळी सावकाश माणसांमुळे नसते, पुष्कळदा ती न कळलेल्या नियमांमुळे असते. आणि नियम वाढतच गेले. 2006 मध्ये लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघडकीस आला, तेव्हापासून परदेशच्या विमानांसाठी 100 मिलीलीटरची मर्यादा आली. 2001 च्या डिसेंबरात एकाने बुटात स्फोटकं लपवून नेली, आणि अमेरिकेत पुढे वर्षानुवर्षं प्रवासी बूट काढून तपासणीला उभे राहिले. ती सक्ती 2025 च्या जुलैमध्ये उठली. आपल्याकडे लॅपटॉप बाहेर, चार्जर बाहेर, पॉवर बँक बाहेर. पॉवर बँक मोठ्या सामानात चालत नाही, हातातच ठेवावी लागते. नारळाचं उलटं, तो हातसामानात चालत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ सोबत नेता यावा म्हणून 2022 च्या नोव्हेंबरात खास मुभा द्यावी लागली होती, तीही ठरावीक मुदतीपुरती. हे आमच्या विहिणीला कुठून माहीत असणार? मागच्या दिवाळीनंतर निघताना त्यांनी हिची ओटी भरली आणि तो नारळ हिने जपून पर्समध्ये ठेवला. पर्स बाजूला निघाली, उघडली, सगळं बाहेर काढलं. ओटीचा नारळ तिथे टाकून देताना हिचे डोळे भरून आले आणि मागे लोक घड्याळं दाखवत होते. दारातच, मराठीत, चित्रासह एक मोठी पाटी असती तर यातलं काहीच झालं नसतं. आपल्या पाट्या आहेत, पण त्या रांगेच्या शेवटी, अगदी यंत्राच्या तोंडाशी लावल्या आहेत. तिथे वाचून काय उपयोग?

आणखी एक गोष्ट मुलाने दाखवली. अमेरिकेत 2008 साली सॉल्ट लेक सिटी आणि डेन्व्हरच्या विमानतळांवर बर्फावर स्कीइंग करण्याच्या वाटांना असतात तशा रंगांच्या रांगा करून पाहिल्या होत्या. कुटुंबं आणि मदत लागणारे हिरव्या रांगेत, अधूनमधून प्रवास करणारे निळ्या, रोजचे सराईत काळ्या. कोणती रांग आपली ते प्रवाशानेच ठरवायचं. मला हे पटलं. सावकाश माणसाला सावकाश राहण्याची जागा मिळाली की तो कोणाच्या वाटेत येत नाही.

हिच्या गुडघ्यात धातू आहे हे धातुशोधक दाराला कळतं, ते वाजतं. मागच्या माणसाला ते कळत नाही. ज्यांचा त्रास वरून दिसत नाही अशांसाठी लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाने 2016 मध्ये कर्मचाऱ्यांना ओळखू यावं म्हणून गळ्यात घालायची, सूर्यफुलांची चित्रं असलेली हिरवी पट्टी सुरू केली, आणि आता ती आपल्या देशातल्याही काही मोठ्या विमानतळांवर मिळते. आपल्याकडे मी चौकशीच्या खिडकीवर विचारलं, तर ती काय असते हेच कोणाला माहीत नव्हतं.

माझ्यासोबत रांगेत उभ्या राहणाऱ्यांनाही दोन शब्द सांगतो. घाई असेल तर बोला. “माझं विमान इतक्याचं आहे, पुढे जाऊ का?” एवढं म्हटलंत तर दहातले नऊ जण बाजूला होतील, हे मी गर्दीतल्या इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. उत्तर येईपर्यंत थांबा. कोणाच्या अंगावरून, हातावरून सामान टाकू नका. दुसऱ्याचा ट्रे त्याला न विचारता ढकलू नका, त्यात त्याची काठी असते, औषध असतं. एकाने परवानगी घेतली म्हणून त्याच्यामागून चौघांनी जाऊ नये, प्रत्येकाने आपली आपण विचारावी. आणि माझ्या वयाच्या मंडळींनीही खिसे रांगेतच रिकामे करावेत, ओळखपत्र आणि बोर्डिंग पास हातात ठेवावा, मागचा कासावीस दिसला तर तो विचारायच्या आत त्याला वाट द्यावी. मी तसं करतो.

आपल्याकडे माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

1. निळी पाटी आणि ती रांग एका महिन्याच्या आत परत द्यावी. जलद रांग हवी असेल तर ती वेगळी काढावी.

2. विमान सुटायला आलेल्यांसाठी रांगेच्या तोंडाशी गर्दीच्या वेळी एक माणूस उभा करावा. त्याने विमानाचं ठिकाण आणि वेळ पुकारून अशा प्रवाशांना बाजूने पुढे न्यावं. बसस्टँडवर हे काम कंट्रोलर करतो, इथेही जमेल.

3. ट्रे भरण्यासाठी यंत्राच्या आधी लांब टेबल आणि पलीकडे सामान आवरायला बाक ठेवावेत.

4. काठी घेऊन चालणाऱ्यांना, काठी यंत्रात असेपर्यंत, धरायला कठडा किंवा तपासलेली दुसरी काठी द्यावी. तपासणी दारापर्यंत हात द्यायला एक कर्मचारी असावा.

5. बायकांच्या तपासणीच्या जागा वाढवण्यासाठी सुरक्षा दलाशी बोलून जागा आणि पडदे उपलब्ध करून द्यावेत.

6. पुढे जाण्याची रीत मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहून रांगेच्या सुरुवातीला लावावी. ‘विचारा, होकार मिळू द्या, रिकाम्या जागेतून जा.’ तिच्या शेजारीच हातसामानात काय चालत नाही याची चित्रं असावीत.

या मागण्यांपैकी आपण काय करणार आणि काय करणार नाही, ते मला ईमेलने कळवण्याऐवजी विमानतळाच्या सूचनाफलकावर लावावं. माझ्यासारखे अनेक आहेत, त्यांनाही कळू दे.

नातीचा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. तिकिटं काढली आहेत, सकाळचं विमान आहे. व्हीलचेअर सांगितलेली नाही. पत्नी काठी घेऊन चालत येणार आहे.

आपला,
एसटीचा एक निवृत्त वाहक
कराड